फॉर्म नंबर 17

शनिवारची संध्याकाळ, जेसल पार्कची चौपाटी. आता चौपाटी म्हटल्यावर लगेच जुहू-गिरगाव डोळ्यांपुढे आणू नका. समोर वसईची खाडी, पलीकडे रेल्वेचा पूल, त्यावरून धडधडत जाणारी विरार लोकल, भेळ, भाजलेलं कणीस आणि भरपूर डास! पण आम्हा भाईंदरकरांचा मरीन ड्राइव्ह हाच. इथल्या एका बाकावर मी दीड वर्ष, जवळजवळ प्रत्येक वीकेण्डला, एका 34 वर्षांच्या माणसाला दहावीचं बीजगणित शिकवत होते. ऑफिसात कळलं तेव्हा सगळे म्हणाले, ‘वॉव, सोशल वर्क!’ मी गप्प. कारण या माणसाचं एक अख्खं वर्ष माझ्यामुळेच वाया गेलं होतं.

दादा आमच्या सोसायटीत वायरिंगच्या कामांना येतात. संगमेश्वरकडचे. आठवी झाली, वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. मामाने भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लावलं. तिथून एका वायरमनच्या हाताखाली गेले, ते आजतागायत. काम एक नंबर. पण कागदोपत्री कायम ‘हेल्पर’. बिल कॉन्ट्रॅक्टरच्या नावाचं, रोजी दादांची.

एकदा एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मेन्टेनन्स टेक्निशियनची जागा निघाली. पीएफ, मेडिकल, ठरलेल्या तारखेला पगार. तिथे त्यांना बंद पडलेलं पॅनेल दाखवलं, दादांनी अर्ध्या तासात चालू करून दिलं. सगळे खूश. मग विचारलं, “दहावीचं मार्कशीट?” संपला विषय. त्याच आठवड्यात आमच्याकडचा पंखा बसवताना त्यांनी स्टुलावरूनच मला विचारलं, “मॅडम, या वयात दहावी देता येते का हो?”

मी म्हटलं, बघते. तुम्ही-आम्ही हे ‘बघते’ किती सहज म्हणतो ना!

माहिती पाच मिनिटांत मिळाली. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर 17, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. पाचवी पास असलात आणि चौदा वर्षं पूर्ण असली की पुरे, वरची वयाची अट नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. अर्ज ऑनलाइन, मग कागदपत्रं संपर्क केंद्राच्या शाळेत जमा करायची. रात्रशाळेचाही पर्याय होता. मजुरांसाठी रात्रीची शाळा ही आपल्याकडची जुनी गोष्ट, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्येच पुण्यात ती सुरू केली होती. मुंबईतल्या रात्रशाळांसाठी निकिता केतकर यांनी 2008 मध्ये ‘मासूम’ संस्था काढली. दिवसभर राबून आलेल्या मुलांना वर्गात बसण्याआधी खायला काहीतरी, पुस्तकं, प्रयोगांसाठी फिरती प्रयोगशाळा. उपाशीपोटी प्रमेय डोक्यात शिरत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या तरी लक्षात यावी लागते. पण रात्रशाळा भरते संध्याकाळी आणि दादा सुटतात आठ-साडेआठला. आयटीआयचंही तेच. वायरमन आणि वेल्डर हे ट्रेड आठवी पासवरही मिळतात, पण दिवसा क्लास म्हणजे रोजीवर पाणी. घरात बायको, दोन मुलं. तेव्हा 17 नंबरच!

दादा गावी जाऊन दाखला घेऊन आले. एसटीने गेले, दोन दिवसांची रोजी बुडवून. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि मग माझं अप्रेझल, क्लायंटचं प्रेझेंटेशन, गोव्याची ट्रिप... साइट उघडली तेव्हा विलंब शुल्काचीही मुदत टळून गेली होती.

सांगायला गेले तर ते एवढंच म्हणाले, “असू द्या मॅडम, एवढी वर्षं गेली तर अजून एक.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चौपाटीवरचा बाक हे माझं प्रायश्चित्त, असं वाटल्यास समजा. आधी सोसायटीच्या ऑफिसात बसायचो, पण ‘वायरमन इथे कशाला बसतो’ अशी कुजबुज सुरू झाली. दादाच म्हणाले, बाहेर बसू.

इंग्रजीने आम्हा दोघांना रडवलं. गणितात मात्र मजा आली. किती मीटर वायर, किती लोड, किती टक्के कमिशन, हे सगळं तोंडी. तेच ‘क्ष’ आणि ‘य’ घालून विचारलं की चेहरा पडायचा. विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम हा धडा आला. मी तयारी करून गेले होते. विद्युन्मय तार, तटस्थ तार, भूसंपर्क तार... दादांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि हसायला लागले. “अहो ताई, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग म्हणा ना!” मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आमच्या बिल्डिंगचा अख्खा मीटर बोर्ड काढला आणि शॉर्टसर्किट झालं की एमसीबी का पडतो ते मला शिकवलं. इतकी वर्षं मी तो नुसता वर करत होते. त्या दिवसानंतर मी मॅडमची कायमची ताई झाले.

त्यांना येत नव्हती ती वीज नाही, पुस्तकातली नावं. आणि तीन तास एका जागी बसून लिहायची सवय. बोटं पक्कड धरून धरून कडक झालेली, पेन निसटायचं. शेवटचे दोन महिने आम्ही फक्त लिहिलं.

मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला. निकालाच्या दिवशी दादा एका साइटवर होते, नंबर मी टाकला. 52 टक्के, गणितात 61. फोनवर बराच वेळ नुसता ड्रिल मशीनचा आवाज येत होता. मग म्हणाले, “ताई, पोरीला सांगतो, ठेवू?”

गेल्या शनिवारी चौपाटीवर दादा एका पोराला घेऊन आले. पॉलिशच्या गाळ्यातला, नखांत काळं बसलेलं. खिशातून त्याने दाखला काढला. सातवी पास.

“चालेल का हे?” त्याने मला विचारलं.

“पाचवी पास पण चालतं,” उत्तर दादांनीच दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गणित तुम्ही शिकवा, ताई. फॉर्मची तारीख मात्र मी बघतो.”