यजमान भारत, मैदाने महाराष्ट्राची

आशियाई महिला फुटबॉल चषक ही आशिया खंडातील राष्ट्रीय महिला संघांची सर्वोच्च स्पर्धा 20 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2022 या काळात भारतात झाली. यजमान म्हणून नोंद भारताची झाली असली, तरी सामने मात्र सगळेच्या सगळे नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडी या तीन ठिकाणी, म्हणजे महाराष्ट्रातच खेळले गेले. मूळ आराखड्यात नवी मुंबईबरोबर भुवनेश्वर आणि अहमदाबाद ही शहरे होती. परंतु कोविडच्या काळात संघांचा प्रवास कमीत कमी व्हावा, म्हणून 2021 मध्ये ती वगळून मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच स्पर्धा बसवण्यात आली.

अशा स्पर्धेचे यजमानपद प्रेक्षकांच्या उत्साहावर मिळत नाही. आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे खंडातील खेळाचे नियमन करणारी संस्था, सदस्य देशांच्या संघटनांकडून प्रस्ताव मागवते आणि मग मैदानावरची हिरवळ, दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणास पुरेल एवढा प्रकाशझोत, सरावाची स्वतंत्र मैदाने, संघांच्या मुक्कामाची हॉटेले, विमानतळ आणि रुग्णालय यांची छाननी होते. या कसोटीमुळे फुटबॉलवेडी गावे मागे पडतात आणि सोयींनी सज्ज महानगरे पुढे जातात.

निवडलेल्या तीन मैदानांपैकी नवी मुंबईतील नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम 2008 मध्ये खुले झाले ते क्रिकेटसाठी. वास्तुरचनाकार हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याचे छत असे उभारले आहे की, प्रेक्षकाच्या नजरेआड एकही खांब येत नाही. तथापि क्रिकेटच्या गोलाकार सीमेत फुटबॉलचे आयताकृती मैदान आखले की, प्रेक्षक खेळापासून दूरच राहतो. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले आणि तेथे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्याने तोच दोष वेगळ्या कारणाने आढळतो. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातील मैदान मात्र लहान असूनही, किंबहुना लहान असल्यामुळेच, फुटबॉलला सर्वांत साजेसे आहे, कारण तेथे प्रेक्षक खेळाच्या अगदी निकट बसतो. भारतीय पुरुष संघाचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याने जून 2018 मध्ये प्रेक्षकांना मैदानावर येण्याचे जाहीर आवाहन केल्यानंतर केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना भर पावसात तुडुंब गर्दीत झाला, तो याच मैदानावर.

स्पर्धेत प्रथमच आठांऐवजी बारा संघ होते, त्यामुळे संघांच्या ताकदीतील अंतरही उघडे पडले: अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा 18-0 असा पराभव केला. बालेवाडीत फिलिपिन्सने पेनल्टी शूटआऊटमध्ये चिनी तैपेईला हरवून इतिहासात प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवली. नेरुळच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला 3-2 असे नमवले आणि विजयी गोल भरपाई वेळेत झाला. यजमान संघाच्या वाट्याला मात्र इराणविरुद्धचा एकच गोलशून्य सामना आला. कोविडची लागण होऊन आवश्यक असलेले किमान 13 खेळाडूही उपलब्ध न राहिल्याने चिनी तैपेईविरुद्धचा सामना होऊ शकला नाही, नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानले गेले आणि झालेला सामनाही गणनेतून वगळला गेला. यजमानाच्याच मैदानांवर बाकी स्पर्धा यजमानाविना पार पडली.

सांगलीच्या वाचकाला या नकाशात आणखी एक उणीव जाणवेल. सांगलीहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ पेठापेठांची ईर्ष्या मैदानात उतरवतात आणि स्थानिक सामन्यालाही गर्दी लोटते, पण आशियाई स्पर्धा आली ती त्यांना वगळून. नेरुळच्या स्टेडियमला ज्यांचे नाव आहे, ते डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत. मैदान मात्र महानगरात उभे राहिले. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. याचा अर्थ सरळ आहे: या भागातील गुणवत्ता मैदानाच्या शोधात पुण्याला जाते.

सांगली-कोल्हापूरला आशियाई स्पर्धा मिळावी, असा आग्रह आज धरणे अवास्तव ठरेल. मुलींच्या सरावासाठी तालुका क्रीडासंकुलात राखलेली हिरवळ, संध्याकाळचा प्रकाश आणि कपडे बदलण्याची सुरक्षित खोली या तीन गोष्टींची मागणी मात्र जिल्हा प्रशासनाकडे नागरिकांनी आजच करावी.