घोरपडीच्या नखांना काम हवं

प्राणिसंग्रहालयात घोरपडीसमोर थांबलेल्यांची तक्रार ठरलेली असते: ‘ही हलतच नाही!’ हलावं असं तिथे काही आहे का, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही. सिमेंटचा ओटा, पाण्याची टाकी, एक वाळका ओंडका आणि ठरल्या वेळी पुढ्यात येणारं मांस. एवढ्यावर घोरपडीचा दिवस सरायचा कसा?

रानातली घोरपड पक्की भटकी असते. दुभागलेली जीभ आत-बाहेर करत ती पालापाचोळ्यातला वास घेते, नखांनी माती उकरते आणि भुंगेरे, त्यांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, अंडी, उंदीर असं मिळेल ते खाते. बहुतेक सरड्यांना धावता धावता पुरेसा श्वास घेता येत नाही, कारण धावायला आणि छाती फुगवायला त्यांना तेच स्नायू वापरावे लागतात. घोरपडीच्या कुळाने यावर तोड काढली आहे. घसा भात्यासारखा हलवून ही जनावरं फुप्फुसांत हवा ढकलतात. आफ्रिकेतल्या सव्हाना मॉनिटर या घोरपडीवरच्या प्रयोगांतून १९९९ मध्ये हे स्पष्ट झालं. अशा दमदार प्राण्याच्या पिंजऱ्याबद्दल ‘किती चौरस फूट?’ एवढंच विचारून भागत नाही. तिथे तिला दिवसभर करता काय येईल, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गरज उन्हाची. लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागाची सूत्रं १९२३ पासून जोन प्रॉक्टर यांच्याकडे होती. १९२७ साली उघडलेल्या नव्या सरीसृपगृहाच्या आराखड्यामागे त्यांचंच डोकं होतं. सगळीकडे एकसारखी ऊब ठेवण्याऐवजी त्यांनी विजेच्या मदतीने जागोजागी वेगवेगळं तापमान राखलं आणि अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली. त्याच वर्षी इंडोनेशियातून दोन कोमोडो ड्रॅगन तिथे आले. घोरपडीच्या कुळातले हे सर्वांत मोठे प्राणी तेव्हा क्रूर राक्षस म्हणून गाजत होते. त्यांतला ‘सुंबावा’ मात्र प्रॉक्टर यांच्यामागून फिरायचा. १९२८ मध्ये त्यांनी त्याला शास्त्रज्ञांच्या सभेत नेलं, तेव्हा तिथेही तो त्यांच्या हातून खात राहिला.

प्रॉक्टर यांचं सूत्र आजही लागू आहे. पिंजऱ्याच्या एका टोकाला कडक ऊन, दुसऱ्या टोकाला सावली आणि गारवा, मधे सगळ्या पायऱ्या. घोरपड शेकायला बसते त्या दगडाचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर गेला तरी चालतो, कारण अंग पुरेसं तापलं की ती आपणहून बाजूला होते. पण बाजूला व्हायला जागा हवी, आणि दिव्यांचा झोत तिचं सगळं अंग व्यापणारा हवा. एकच बारका दिवा टांगला तर पाठ भाजते आणि बाकीचं शरीर गारच राहतं. अतिनील-बी किरण मिळाले नाहीत आणि आहारातूनही भरपाई झाली नाही, तर ड जीवनसत्त्व कमी पडतं आणि हाडं मऊ होऊन वाकतात.

दुसरी गरज मातीची. निदान दोन फूट खोल, किंचित ओलसर, बीळ केलं तर ढासळणार नाही अशी माती. बिळातली दमट हवा घोरपडीला कोरडी पडू देत नाही. सततच्या निर्जलीकरणाने मूत्रपिंडं बिघडतात, सांध्यांत युरिक आम्ल साठतं. मादीचे हाल आणखी वेगळे. अंडी घालायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडवून ठेवते आणि त्यात तिचा जीवही जातो.

उंचीही विसरून चालत नाही. दोर बांधलेल्या यशवंती घोरपडीच्या आधाराने मावळे सिंहगड चढले ही कथा दंतकथाच मानली, तरी घोरपडीची पकड खोटी नाही. पिल्लं तर बराच वेळ झाडावर काढतात. त्यामुळे खडबडीत सालीचे ओंडके, कपारी असलेल्या दगडी भिंती आणि अंग चोरून बसता येईल अशा अरुंद फटी द्याव्या लागतात.

यानंतर येतं डोक्याला खाद्य. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आफ्रिकी मॉनिटरच्या आठ पिल्लांपुढे पारदर्शक नळी ठेवली होती. आत उंदीर, बाजूला बिजागरीची झाकणं. आठही पिल्लांनी दहा मिनिटांच्या आत नळी उघडली आणि दुसऱ्या खेपेला आणखी कमी वेळ घेतला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातली ‘क्रॅकन’ ही कोमोडो मादी बूट, बादल्या, डबे यांच्याशी खेळायची, रक्षकांच्या खिशातून रुमाल ओढायची. खाण्याची वस्तू कुठली आणि खेळायची कुठली, हे तिला बरोबर कळत होतं.

म्हणून खाद्य ताटात वाढू नये. किडे मातीत सोडावेत, अंडं पाचोळ्यात लपवावं, मांसाचा तुकडा पोकळ ओंडक्यात ठेवावा, वासाचा माग बदलत राहावा. यासाठी पैसा थोडा आणि रक्षकाची कल्पकता जास्त लागते. आयते उंदीर खाऊन बसून राहिलेल्या घोरपडीच्या अंगावर आणि यकृतात चरबी चढते. पाहणाऱ्याला ती ‘धष्टपुष्ट’ दिसते, प्रत्यक्षात आजारी असते.

हे सारं वाचून कुणाला घरी घोरपड पाळायची हुक्की येऊ नये. भारतात आढळणाऱ्या चारही जातींच्या घोरपडी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणं, मारणं वा विकणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी मॉनिटर बाळगणाऱ्यांनाही आता सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. अंगणात घोरपड आली तर काठी उचलू नका, पोत्यातही भरू नका. लांब उभे राहून तिला वाट द्या. ती जखमी असेल किंवा कुठे अडकली असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.