नामिबियात गाडी आणि तंबू

नामिबियात वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे भारतीय चालकाचा हात लवकर बसतो. खरी कसोटी खडीच्या रस्त्याची. मुख्य महामार्ग सोडले की डांबर संपते, म्हणून नकाशावरच्या ३०० किलोमीटरसाठी जवळजवळ अख्खा दिवस राखून ठेवावा. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत हवा. खडीवर गाडी घसरताना करकचून ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवले, तर ती उलटू शकते.

टपावर घडीचा तंबू असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी भाड्याने मिळते. ताब्यात घेतानाच दोन स्टेपन्या, जॅक आणि हवेचा पंप तपासावा. विम्यात टायर आणि काच धरली आहे का, हेही विचारावे. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम सोयीचा, मात्र जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात.

सोसुस्वलेईच्या तांबूस टेकड्या पाहायला सेस्रिएमच्या फाटकाआतला मुक्काम आधीच राखावा. तिथून सूर्योदयापूर्वी निघता येते. सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्त्यानंतर शेवटचे ५ किलोमीटर भुसभुशीत वाळू लागते. तिथे टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरट होतो, भार विभागला जातो आणि चाक रुतत नाही. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरायलाच हवी.

पंप दिसेल तिथे टाकी भरावी, पिण्याचे पाणी भरपूर ठेवावे. कोरड्या नदीपात्रात तंबू कधीच ठोकू नये: दूरच्या पावसाचा लोंढा अचानक येतो, आणि वायव्येकडे हत्तींची वाटही त्याच पात्रांतून जाते.