डिझेल इंजिन हवा धरते तेव्हा

शेतकरी बंधूंनो, गहू ओंबीवर आहे, विहिरीला पाणी आहे, पण डिझेल इंजिन धापा टाकून बंद पडतंय. अशा वेळी इंजिन खोलायला बसू नका. आधी डिझेलची वाट टाकीपासून तपासा.

टाकीत डिझेल आहे ना? तोटी उघडी आहे ना? झाकणाचे बारीक भोक मातीने बुजले, तरी डिझेल उतरत नाही. फिल्टर कचऱ्याने तुंबला असेल तर बदला.

आता बिडी विझवा आणि हवा काढा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करा. आधी बुडबुडे येतील. ते थांबून सलग धार लागली, की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसेच डिझेल-पंपावर करा. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट सैल करून हँडल फिरवा. डिझेल आले की आवळा. तिथे हात-तोंड नेऊ नका, दाबाचे डिझेल कातडीत शिरते.

पुन्हा हवा धरली, तर एखादा जोड किंवा वायसर गळतोय असे समजा. नोझल आणि डिझेल-पंपाची आतली जुळणी मात्र मिस्त्रीकडेच सोपवा.

आणि हे ध्यानात ठेवा: डिझेल गाळून भरा, टाकी कोरडी पडू देऊ नका. मग पाण्याची पाळी चुकणार नाही.