ठशाची किंमत

संपादकांच्या सूचनेवरून एका नाणेसंग्राहकांकडे गेलो होतो तो जुने रुपये पाहावयास. परंतु त्यांनी तळहातावर ठेवलेल्या एका परक्या नाण्यानेच सारी दुपार खाल्ली. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हा १८९७ सालचा पेसो. राष्ट्रमुद्रेत उघडे बायबल, वजन पुरते २५ ग्रॅम. मात्र उंचवट्यांवरची पांढरी झिलई उडून तेथे तांब्याची लाली डोकावत होती.

याच देशाच्या १८९१ च्या पाच फ्रँकोंच्या नाण्याचे वजनही तेवढेच. पण त्यात हजारी ९०० भाग, म्हणजे साडेबावीस ग्रॅम, रुपे होते. सहा वर्षांत ते ३५० भागांवर, पावणेनऊ ग्रॅमवर आले. असल्या हिणकस धातूची चकती तेजाबात उकळली, की पृष्ठावरचे तांबे विरघळते, रुपे तेवढे मागे राहते, आणि ठशाखालून ती अशी लखलखीत निघते की भलाभला फसावा. सराफ ती कसोटीवर घासून पाहील. बाजाराला तेवढीही तसदी नाही, त्याचे काम हाताळण्यानेच होते.

ज्यांना लोक लिलीस म्हणत, त्या राष्ट्राध्यक्ष उलिसेस उरो यांनी १८८८ साली ॲम्स्टरडॅमच्या वेस्टेंडॉर्प पेढीकडून ७,७०,००० पौंडांचे कर्ज काढले, ते जकात तारण ठेवून. पुढे ते तारण न्यूयॉर्कच्या सान डोमिंगो इंप्रूव्हमेंट कंपनीच्या हाती गेले. खजिन्याचा मुख्य झराच असा गहाण पडल्यावर दरबाराच्या हुकमतीत उरले ते कागदी नोटा आणि नाण्यांचे ठसे.

धातूहून नाणे महाग चालणे हे मुळात पाप नव्हे. मुंबईच्या टांकसाळीत लोकांचे रुपे पाडून देणे १८९३ साली बंद झाले, आणि आतल्या रुप्याहून कितीतरी अधिक मोलाचा रुपया १८९८ पर्यंत सोळा पेन्सांवर स्थिरावला. कारण नवे नाणे पाडणाऱ्या हाताला तेथे आवर होता. लिलीस यांच्या हाताला गरजेने तो ठेवू दिला नाही.

२६ जुलै १८९९ रोजी मोका गावी त्यांचा खून झाला. कर्ज मात्र जिवंत राहिले. १९०५ साली जकात अमेरिकनांच्या ताब्यात गेली आणि पाच पेसोंस एक डॉलर हा दर ठरला. म्हणजे पेसोला वीस सेंट. त्यातले रुपे तेव्हाच्या भावाने सुमारे सतरा सेंटांचे. राष्ट्रमुद्रा, बायबल आणि सरकारची शपथ, सगळे मिळून तीन सेंट.