घरबसल्या कारागिराचे बलुते

नागपूरहून बैतूलच्या रस्त्याला लागावे, महाराष्ट्राची हद्द ओलांडावी, की पांढुर्णा येते. पाट्या हिंदी होतात, सरकारी कागद हिंदी होतो. घरातली आणि बाजारातली बोली मात्र फारशी बदलत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा पलीकडेच राहिला, आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा व सौंसर हा मराठी मुलूखही पलीकडे राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. बाहेरच्या जगास हे गाव ठाऊक आहे ते संत्र्यांमुळे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव या दोन पक्षांत होणाऱ्या गोटमारीमुळे. दरवर्षी वृत्तपत्रे जखमींचा आकडा छापतात आणि वर्षभर पुन्हा या गावाचे नाव घेत नाहीत.

आम्ही आज त्याचे नाव घेत आहोत ते एका निराळ्याच व्यवसायाच्या निमित्ताने. नोकरी न धरता, स्वतःच्या घरी बसून, संगणकावर इतरांसाठी संकेतस्थळे घडवून देणारा कारागीर आज तालुक्याच्या गावागावांत आढळतो. इंग्रजीत त्याला फ्रीलान्स वेब डिझायनर म्हणतात. मुंबई-पुण्याच्या अशा कारागिराविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण या व्यवसायाची खरी कसोटी लागते ती पांढुर्ण्यासारख्या ठिकाणी. येथल्या सुशिक्षित तरुणापुढे वाटा मोजक्या. वडिलांची संत्र्याची बाग असली तर ती पाहावी, आणि एका बहराच्या भरवशावर वर्ष काढावे. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडसारख्या गिरणीत पाळी धरावी. नाही तर बाडबिस्तरा बांधून नागपूर गाठावे आणि मिहानमधील संगणक कंपन्यांची दारे ठोठवावीत. चौथी वाट गेल्या काही वर्षांत खुली झाली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि गाव न सोडता परगावची कामे घेता येऊ लागली. गोव्यातील एखाद्या छोट्या हॉटेलाचे, एखाद्या देवस्थानाच्या भक्तनिवासाचे किंवा काजूच्या दुकानाचे संकेतस्थळ पाहताना ते कोठे घडले असेल याचा विचार आपण करीत नाही. ते अशाच एखाद्या खोलीत घडलेले असू शकते, आणि गिऱ्हाइकाने त्या कारागिराचे तोंडही पाहिलेले नसते.

या धंद्याचे बाह्यरूप फार मोहक आहे. वरिष्ठ नाही, हजेरीपट नाही, घरचे जेवण आहे. आतली रीत मात्र निराळी. गिऱ्हाईक प्रथम सांगते की आम्हांला अगदी साधेच हवे. मग मजकूर येत नाही; छायाचित्रे व्हॉट्सॲपवर एकेक करून, आणि तीही अंधुक, येत राहतात. काम निम्मे झाल्यावर साध्याचे भव्य होते. मेव्हण्यांना निळा रंग आवडत नाही, भागीदारांना दुसऱ्या कोणाचे संकेतस्थळ अधिक चांगले वाटते. सुतार घरी दार बसवावयास आला असता त्याला चौकट बसल्यानंतर दाराची दिशा बदलावयास सांगण्याचे धाडस आपण सहसा करीत नाही, कारण लाकूड आणि घाम दोन्ही डोळ्यांस दिसतात. पडद्यावरच्या दाराला लाकूड नाही, म्हणून त्याची दिशा दहा वेळा बदलली तरी श्रम पडत नाहीत अशी समजूत आहे. ठरलेल्या रकमेचा विसार मिळतो. मधला हप्ता पाठपुरावा केल्यावर मिळतो. शेवटचा हप्ता पुष्कळदा मिळतच नाही. संकेतस्थळ मात्र सुरू झालेले असते आणि त्यावरून खोल्यांचे आरक्षणही चालू असते.

विदेशी कामे देणारे दलाल आहेत, त्यांच्याकडे पैसे बुडण्याचे भय कमी. पण दलालीही तशीच. २०१० मध्ये सुरू झालेले फायव्हर हे व्यासपीठ कारागिराच्या कमाईतून शंभरामागे वीस स्वतःकडे ठेवते. शिवाय त्या बाजारात पांढुर्ण्याच्या तरुणाची स्पर्धा ढाका, लाहोर आणि मनिलाच्या तरुणाशी असते, अमेरिकेच्या दिवसासाठी येथली रात्र जागवावी लागते, आणि कोणा एका गिऱ्हाइकाने रागाने दिलेला वाईट अभिप्राय पुढची कित्येक कामे घालवतो.

आपल्या जुन्या गावगाड्यात कारागिराला बलुते होते. त्या व्यवस्थेतील जातीची बेडी आणि अपमान यांचे समर्थन कोणीही करणार नाही, आणि ती गेली हे उत्तमच झाले. पण एक गोष्ट तिच्यात होती: खळ्यावर धान्याची रास पडली की सुतार-लोहाराचा वाटा तेथेच निघे. नव्या कारागिराला जातीची बेडी नाही, पण खळ्यावरचा वाटाही नाही. आजारीपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी, उपदान यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशातील अशा 'गिग' कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या वर्गाला प्रथमच कायद्यात नाव दिले. मात्र त्या चर्चेत डोळ्यांपुढे असतो तो दुचाकीवरून जेवण पोचविणारा तरुण. त्याची दखल घेतली जाते हे योग्यच. परंतु खोलीत बसलेला कारागीर रस्त्यावर दिसत नाही, त्याची संघटना नाही, आणि आपण 'कामगार' आहोत हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा मान्य नसते.

वास्तविक त्याच्या हाती एक धारदार कायदा आहे. तो वापरला मात्र क्वचित जातो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी नाही. सेवा देणारा एकटा माणूसही आधार व पॅन क्रमांकावर 'उद्यम' नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरतो. त्याला एक पैसाही शुल्क नाही. अशा नोंदलेल्या उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चढणारे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सरकारी संकेतस्थळावरून राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने तर आणखी एक चाप लावला: मुदतीत न दिलेली अशी रक्कम व्यापाऱ्याला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. व्यापारी व्याजाला भीत नसेल. हिशेबतपासनिसाच्या लाल खुणेला तो नक्की भितो. म्हणून नोंदणी काम घेण्यापूर्वी करावी, कामाची व्याप्ती आणि फेरबदलांची संख्या एका कागदावर लिहून घ्यावी, आणि बिलावर नोंदणी क्रमांक छापावा. एवढी तीन कामे करण्यास एक दुपार पुरते. परिषदेचा निर्णय नव्वद दिवसांत व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो हे खरे, तरी पुष्कळ प्रकरणे नोटीस गेल्याबरोबरच मिटतात असा व्यवहारातला अनुभव आहे.

आता या कारागिराच्या फावल्या वेळच्या उद्योगांविषयी. गिऱ्हाइकाची कामे आटोपल्यावर रात्री तो आपल्या आवडीचे काहीतरी घडवीत बसतो: गावच्या संत्रामंडीचे भाव दाखविणारे एखादे पान, बोलीतल्या शब्दांचा संग्रह, शाळकरी मुलांसाठी पाढ्यांचा खेळ. पैसे मिळत नाहीत, उलट होस्टिंगचे भाडे पदरचे जाते. घरचे लोक याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात. गोव्याच्या वाचकांस मात्र ही वृत्ती नवखी वाटू नये. दिवसा कचेरीत किंवा शाळेत नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या, पदरमोड करून जत्रेत उत्सवी नाटक उभे करणाऱ्या मंडळींनीच येथली मराठी रंगभूमी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली आहे. संगणकाच्या जगात तर अशाच उद्योगांतून केवढी झाडे झाली! लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली विद्यार्थिदशेत हौसेने आरंभिलेल्या लिनक्सवर आज जगाचे बहुतेक सर्व्हर चालतात. २००३ साली दोघा तरुणांनी, एक अमेरिकन आणि एक इंग्रज, बंद पडू घातलेल्या एका प्रणालीला नवे रूप दिले, तीच वर्डप्रेस. जगातील पाचांपैकी साधारण दोन संकेतस्थळे आज तिच्यावर उभी आहेत, आणि पांढुर्ण्याच्या कारागिराची रोजी-रोटीही बहुधा तिच्यावरच.

मराठीला या फुकट श्रमांची गरज इतर भाषांहून अधिक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे ज्या त्या कंपनीच्या टंकात लिहिली जात. तो टंक आपल्या संगणकावर नसला की मजकुराऐवजी खुणांचा चिवडा दिसे. मराठी दैनिकांचा त्या काळचा पुष्कळ मजकूर म्हणूनच आज शोधूनही सापडत नाही. युनिकोडने तो प्रश्न सोडविला, पण देवनागरी म्हणजे हिंदी हे गृहीत बहुतेक यंत्रांत शिल्लक राहिले. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदीहून निराळा आहे. पानाच्या गाभ्यात 'ही भाषा मराठी' अशी एक छोटी खूण घातली, तर ज्या टंकांत सोय आहे तेथे ती वळणे आपोआप उमटतात. ती खूण घालण्याचे भान किती जणांना असते? त्याहून महत्त्वाचा रफार. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पण हिंदीवर पोसलेल्या टंकलेखकाला आणि संगणकाला तो पदोपदी सांगावा लागतो. पांढुर्ण्याचा तरुण शाळा-कचेरीत हिंदी आणि घरी मराठी वापरून मोठा झालेला असतो. दोन्ही लिप्यांतला हा सूक्ष्म भेद त्याला जितका लवकर दिसतो तितका कदाचित पुण्यातल्याला दिसत नाही. त्याचे हे ज्ञान बाजारात कोणी विकत घेत नाही, एवढेच.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या घरात होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर परिसंवाद झाले, सत्कार झाले. प्राचीन ग्रंथांचे संशोधन व्हावेच. परंतु या निमित्ताने जो पैसा उपलब्ध होईल त्यातला काही वाटा मुक्त टंक, शुद्धलेखन तपासणारी साधने आणि बोलींचे कोश यांसाठी राखून ठेवला पाहिजे. मुंबईतील एक टाइप या संस्थेने 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक कोणालाही फुकट वापरता येतील अशा परवान्याने दिले. त्यांचा लाभ आज असंख्य मराठी पाने घेत आहेत. अशा कामासाठी वर्ष-सहा महिन्यांचे छोटे मानधन, तेही राज्याच्या सीमेची अट न घालता, महाराष्ट्र शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी द्यावे. अधिवासाचा दाखला मागितला की पांढुर्णा, बेळगाव आणि पणजी तिघेही बाहेर पडतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणारांना ही अडचण नव्याने सांगावयास नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे सावट या धंद्यावर आहेच. चार वाक्ये लिहून दिली की यंत्र आता साधे संकेतस्थळ काही मिनिटांत उभे करते, आणि 'आम्हांला साधेच हवे' म्हणणारे गिऱ्हाईक उद्या यंत्राकडे जाईल. जाऊ द्यावे. ते शेवटचा हप्ता देणारे गिऱ्हाईक बहुधा नव्हतेच. मात्र नवशिका हात याच साध्या कामांवर बसत असे; ती पायरी नाहीशी झाली तर पुढचा कसबी कारागीर कोठून तयार होणार, हा प्रश्न उरतो. ज्याला दर्या आणि दऱ्या यांतला भेद कळतो, गिऱ्हाइकाच्या धंद्याचे मर्म कळते, आणि बिघाड झाल्यास रात्री फोन उचलतो, त्याची गरज यंत्र आल्यावर उलट वाढेल असे आमचे मत आहे; पण त्याने तोवर तग धरला पाहिजे, आणि तग धरणे हे बिल वेळेवर मिळण्यावर अवलंबून आहे.

गोव्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी संकेतस्थळांना नवा रंग देण्याची घाई सर्वत्र असते, आणि परराज्यातील कारागिरांना याच सुमारास कामे दिली जातात. हॉटेलमालकांच्या संघटनांनी, देवस्थान समित्यांनी आणि व्यापारी मंडळांनी आपापल्या सभासदांना एक परिपत्रक काढावे: काम देताना तीस टक्के विसार, काम हाती येताच उरलेले बिल, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपलीकडे नाही. भाजीवालीचे पैसे आपण उद्यावर टाकीत नाही. पाचशे कोसांवरच्या खोलीत बसून आपल्या हॉटेलाचे दार रंगविणाऱ्याचे बिल मात्र पुढच्या हंगामापर्यंत खिळ्याला टांगून ठेवतो.