थांबण्याची ऐपत

बारावीचा निकाल लागतो त्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत राब भाजून झालेले असतात, घरांची शाकारणी उरकत आलेली असते आणि कर्त्या माणसाचे लक्ष आभाळाकडे लागलेले असते. महाविद्यालयीन प्रवेशाची मुदत, दाखल्यांसाठी तहसील कचेरीत घालायच्या खेपा आणि भाताची पेरणी ही तिन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी अंगावर येतात. आणि पुढे आवणी सुरू झाली, की पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कितीतरी बाके रिकामी दिसू लागतात. ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न अशा घरांत कोणी निवांतपणे मांडून बसत नाही. तो कामाच्या ओघात सुटतो, आणि जसा सुटतो तसा मुलाच्या आयुष्याला चिकटून राहतो.

विद्यार्थ्याने नोकरीची तयारी करावी की विद्येचा व्यासंग, या प्रश्नाचा ऊहापोह शहरांत होतो तेव्हा त्याची आवड, त्याचा कल आणि त्याची बुद्धी यांनाच निर्णायक मानण्याची प्रथा आहे. या दोन तालुक्यांतील मुलामुलींशी अनेक वर्षे बोलून माझे मत असे बनले आहे, की येथे निर्णय मुख्यतः एकाच गोष्टीने होतो: कमावत्या वयाचे मूल न कमावता आणखी किती वर्षे पोसण्याची घराची ऐपत आहे, या गोष्टीने. बाकीची कारणे खरी असली तरी ती या कारणाच्या मागून येतात.

प्रथम भूगोल पाहू. शहापूर तालुक्यातून कल्याण-कसारा लोहमार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांच्या आसपासची मुले लोकलच्या आधाराने कल्याण-ठाण्यापर्यंत शिकायला जाऊ शकतात. मुरबाडला मात्र अद्याप आगगाडी नाही. कल्याण सुमारे ३० किलोमीटरवर, आणि तेथवर सारी भिस्त एसटीवर. शहापूरचे सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय यांनी पदवी तालुक्यात आणून ठेवली, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. परंतु जो विषय जवळ मिळत नाही, तो घेणाऱ्याला शेवटच्या गाडीचा हिशेब आधी करावा लागतो. प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिक सायंकाळी संपते आणि डोंगराकडची गाडी त्याआधीच सुटून गेलेली असते, अशा ठिकाणी रसायनशास्त्राची आवड कितीही उत्कट असली तरी ती फार दिवस टिकत नाही.

‘अभ्यास’ या शब्दाचा येथे झालेला अर्थबदल मला सर्वांत बोलका वाटतो. ‘मुलगा अभ्यास करतो’ असे बाप म्हणतो, त्याचा अर्थ तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, असा घ्यायचा. ‘अभ्यासिका’ म्हणजे ती तयारी करण्याची जागा. आणि पदवीच्या वर्गात जे काही चालते त्याला नुसते ‘कॉलेज’ म्हणतात. ‘आर्ट्स घेतले म्हणजे अभ्यासाला वेळ मिळतो,’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्यातील विसंगती आता बोलणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. एका अभ्यासिकेत तृतीय वर्षातील एका मुलीची वही मी तिच्या परवानगीने चाळली. पुढच्या बाजूने अर्थशास्त्राची टिपणे होती, ती साताठ पानांनंतर थांबली होती. वही उलटी करून मागच्या बाजूने राज्यघटनेची कलमे, पंचायत राज आणि चालू घडामोडी लिहीत ती निम्म्यापुढे आली होती. अक्षर दोन्हीकडे सारखेच सुबक होते. अर्थशास्त्र आवडत नाही का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘आवडतं सर. पण एम.ए. होईपर्यंत घरचे थांबतील का?’

ही वृत्ती आजची नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हापासून पदवीचे नाते सरकारी हुद्द्याशी जडले आहे. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती, की हे शिक्षण व्यवहाराला निरुपयोगी असून त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात. शिकलेल्यांची संख्या शतपटीने वाढावी आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त व्यवसाय धरावेत, ही त्यांची अपेक्षा होती. संख्या वाढली, नोकरीचा ध्यास मात्र कायम राहिला, आणि त्याला कारणही तसेच आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, कोळी यांच्या घरांत महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणारा पहिला पैसा गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस किंवा एसटीचा वाहक यांच्या पगारातून आला. ज्या वाडीत एकाला अशी नेमणूक मिळाली, त्या वाडीतील पुढच्या दहा मुलांची दिशा त्या दिवशीच ठरून गेली.

डी.एड.ची कथा या संदर्भात विसरता येत नाही. बारावीनंतर अवघ्या २ वर्षांत मुलगा गुरुजी होतो, हा हिशेब एके काळी इतका चोख होता, की तालुक्यातील उत्तमोत्तम गुणांची मुले पदवीकडे पाठ फिरवून अध्यापक विद्यालयात गेली. खासगी विद्यालये मुबलक निघाली. घरांनी कर्जे काढली, गहाणे ठेवली. मग २०१० नंतर भरती थंडावली, २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, आणि पदविका पेटीत ठेवून कित्येकांनी किराणा दुकान, रिक्षा किंवा भिवंडीकडील गोदामातील हजेरी धरली. नोकरीची तयारी म्हणजे सुरक्षित मार्ग आणि विद्याभ्यास म्हणजे चैन, असे मानणाऱ्यांनी या पिढीकडे एकवार पाहावे. एकाच हुद्द्यासाठी घडवलेला माणूस तो हुद्दाच बंद झाला तर दुसरीकडे सहज वळू शकत नाही. ज्याचे वाचन, लेखन आणि विचार पक्के झाले आहेत, त्याला निदान वळण्याची शक्यता उरते.

तरीही रांग ओसरलेली नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या गटाला अर्जाची फी १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये होती. पोलीस भरतीला बारावी पुरते. मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखीचे १००. म्हणून पहाटे अंधार असतानाच मुले ‘ग्राउंड’ला जातात, मुलगे १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी. बारावी पुरत असताना ही मुले पदवीला नाव का घालतात, हे एकाला विचारले. बसचा पास, वसतिगृहातील जागा, शिष्यवृत्ती, आणि ‘कॉलेजला आहे’ असे सांगता येण्याची सोय, अशी कारणे त्याने सरळ सांगितली. महाविद्यालय त्याच्यासाठी निवारा आहे. याबद्दल त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

जमातींच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक इत्यादी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. प्रथमच नोकरी दाराशी आली, आणि साहजिकच मुले तिच्याकडे वळली. पुढे विषय न्यायालयात गेला, नेमणुका लांबल्या, वये वाढली. कातकरी कुटुंबांची स्थिती तर याहूनही बिकट. दिवाळीनंतर वीटभट्टीवर बयाणा घेऊन गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. त्यातील मूल आश्रमशाळा ओलांडून महाविद्यालयात पोचले तरी तो पराक्रम आहे, मग निवडीची भाषा त्याच्यापुढे कशी बोलावी?

मुलींच्या बाबतीत ऐपतीबरोबर मुदतही असते, आणि ती लग्नाची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्यामुळे ताजवा व्यावसायिक शिक्षणाकडे आणखी झुकला, हेही नमूद केले पाहिजे.

रोनाल्ड डोर या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवून दिले होते, की जे देश औद्योगिकीकरणात मागून आले, त्यांत पदव्यांची शर्यत अधिक तीव्र होते, एकाच हुद्द्यासाठी मागितली जाणारी पात्रता वाढत जाते आणि शिकणे परीक्षेपुरते उरते. क्रेग जेफ्री यांनी २०१० साली मेरठच्या तरुणांवर लिहिताना नोकरीची वाट पाहण्यालाच विषय केले. शहापूरचे चित्र त्यांच्याशी जुळते. फरक इतकाच, की आपल्याकडील मुले नुसती वाट पाहत नाहीत, ती सुट्टीत गोदामात पेट्या भरतात, आवणी-झोडणी करतात आणि त्यातून परीक्षेची फी उभी करतात. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आले आणि त्याने कौशल्याचे विषय व कार्यप्रशिक्षण पदवीतच बसवले. हेतू चांगला आहे. मात्र ज्या तालुक्यात असे प्रशिक्षण देऊ शकणाऱ्या जागा मोजक्या, तेथे त्याचा कागद तेवढा तयार होईल, ही धास्ती मी लपवीत नाही.

आणि तरीही काही मुले शुद्ध विद्येकडे वळतात. त्यांची चौकशी केली तर बहुधा दोनच गोष्टी आढळतात: घरात एखादा थोरला भाऊ किंवा बहीण कमावू लागलेली असते, आणि एखाद्या प्राध्यापकाने हाक मारून पुस्तक हातात दिलेले असते. अशांची या भूमीला किती गरज आहे! मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे शहापूरच्या ज्या भातसा धरणातून जाते, त्याच्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या पाण्याचा हिशेब येथील मुलाने नाही मांडला तर कोण मांडणार? २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडमधील सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या परिसरातील म्हाताऱ्यांच्या आठवणी, ठाकरांची आणि कातकऱ्यांची बोली, २००६ च्या कायद्याखालील वनहक्क दाव्यांची दफ्तरे, हे सारे इतिहासाच्या, भाषेच्या, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची वाट पाहत पडून आहे. बाहेरचा संशोधक येतो, आठ दिवस राहतो आणि जातो. कोणत्या घरी कोणता कागद पत्र्याच्या पेटीत आहे, हे गावच्या मुलाला ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की नोकरीच्या तयारीला नावे ठेवणे थांबवावे आणि थांबण्याची ऐपत वाढवावी. शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष सरल्यावर हाती येण्याऐवजी प्रवेशाच्या महिन्यात यावा. पदव्युत्तर वर्ग तालुक्यात असावेत. शेवटची एसटी ग्रंथालयाच्या वेळेशी जुळावी. यात खर्चाची अडचण फारशी नाही, तजविजीची आहे.

या अंकाच्या वाचकांत शहापूर-मुरबाडचे असे पुष्कळ असतील, ज्यांनी एम.ए., एम.एस्सी. केले, प्रबंध लिहिले आणि आज कल्याण, ठाणे, पुण्यात स्थिरावले. त्यांना माझी एक विनंती आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा एखादी सायंकाळ अभ्यासिकेत जाऊन बसा, आणि तृतीय वर्षाच्या मुलांना सांगा, की ती दोन-तीन वर्षे तुम्ही कशी काढलीत, किती पैसे लागले आणि ते कोणी दिले.